खवल्याआडची भोकं

पलूस, मंगळवार, ८ जुलै २०२५

राजी,

फोन लावला की तू 'बोल' म्हणतीस आणि माझं बोलणंच आटतं. मग पप्पांचा गुडघा, पाटणचा पाऊस, आणि तुझ्या सेतू कार्यालयात दाखल्यांची गर्दी. दोन वर्षं झाली, आपण मायलेकी पावसाच्या पलीकडं गेलेलो न्हाई. म्हणून आज शटर अर्ध्यावर ओढलं आणि मशीनवरच वही ठेवून लिहाय बसले. अक्षराला हसू नको.

आधी कामाचं. आपल्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष औंदा धैर्यशील झालाय, तुझ्याच वर्गातला, कानात बाळी घालणारा. गणपतीत सजीव देखावा करायचाय. नाव 'रानाची राखणदार'. कोयनेच्या रानात शिकारी खवल्या मांजर धरायला येत्यात, आणि झाडाआडनं एक बाई पुढं येती, डोक्यापासनं घोट्यापर्यंत नुसतं खवलं. ती हलत न्हाई, बोलत न्हाई, उभी ऱ्हाती, आणि शिकारी पळत्यात. मी म्हणले, बरं, साटीनचं खवलं शिवून देती. सत्तावीस वर्षं ड्रेपरी चालवती, शाळेच्या स्नेहसंमेलनाला निम्म्या तालुक्याची पोरं मी वांगी आणि टोमॅटो केली, मला खवल्याचं काय. तर त्यानं मोबाईल पुढं केला. तुझा फोटो, अंगात खवल्याचं चिलखत. पुण्याच्या त्या वेशभूषेच्या स्पर्धेतला, स्टेजवर चढायच्या आधी कुणीतरी काढलेला. 'काकू, डिट्टो असलंच पायजे, फोमचं.'

त्या फोटोत तू हसतीस. मी तो कवा बघितलाच नव्हता. तोंडातनं व्हय निघून गेलं.

घालणार शेजारच्या बनुबाईची नात, क्रांती. एकोणीस वर्षांची हाय, उंचीला तुझ्याएवढी. तुझी निळी वही माझ्याजवळ हाय. तू पाटणला जाताना चार दिवस शोधत हुतीस, तवाबी माझ्याजवळच हुती. वहीत मापं हाईत पण फोमची जाडी न्हाई लिहिलेली. ती कळव. आणि रबराचं सोल्युशन चांभाराचं चालतं का तेबी.

आणि एक. तुझं चिलखत मी कचऱ्याच्या गाडीत का टाकलं ते पुन्हा इचारू नको. पुण्याच्या दवाखान्यातनं तुला घेऊन आलो, भुवईला चार टाके, मला राग आला आणि टाकलं. तवा हेच सांगितलं, आज हेच सांगती.

उत्तर दिलंस तर बरं. न्हाई दिलंस तरी मी करणारच हाय.

तुझी आई


रविवार, २० जुलै

राजी,

उत्तर न्हाई आलं. यावं म्हणून लिहिलंच नव्हतं मी.

पप्पांनी सांगलीतनं फोम आणला, लहान पोरांच्या खोलीत जमिनीवर टाकत्यात त्या जाड चटया. गरम हवेची बंदूक बी आणली. बंदूक म्हणल्यावर माणूस खूश. सतरा वर्षं फौजेत काढून शेवटी हातात काय आलं तर बायकोची फोम तापवायची बंदूक, असं दिवसातनं तीनदा म्हणत्यात आणि स्वतःच हसत्यात.

मला वाटलं हुतं, रबर ते रबर, त्यात काय शिकायचं. पण राजी, हे लय वेगळं हाय. गरम हवा दिली की फोम आधी जरा लकाकतो, मग झोपेतनं उठवलेल्या लेकरागत मऊ पडतो. हातात धरंल तसा वाकतो. गार झाला की तसाच ऱ्हातो. कापड असं करत न्हाई. कापडाला घडी घातली तरी ते आपल्या मनानं सुटतं. फोम आपला हात ध्यानात ठेवतो. ह्याच्यासाठी तू दुपारच्या दुपारी माडीवर दार लावून बसायचीस, आणि मी खालनं ओरडायची, की पावणेदोनशे फ्रॉक पडल्यात आणि पोरगी चटया भाजतीया.

खवलं चारशे बारा. रोज तीसेक कापती, कडा घासती, तापवून अंगठ्यानं मधी खोलगट करती. आता अंगठाच सपाट व्हायचा राहिलाय. परवा दुकानातच सोल्युशन लावत हुते, दार लावलेलं, वासानं गुंगी आली आणि मशीनवर डोकं टेकलं. डोळ्यांसमोर धुकं, तुमच्या पाटणला असतं तसलं, आणि त्यातनं एक खवल्या मांजर चाललेलं. एवढं मोठं, वासराएवढं. ते वळलं आणि त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मला काय तरी कबूल करायचं हुतं पण भाषाच आठवंना. पप्पांनी हाक मारून उठवलं, शिव्या घातल्या, आणि सगळा पसारा मागच्या अंगणात शेडखाली मांडला. आता टेबलफॅन वास पलीकडं ढकलतो आणि मी अलीकडं बसती.

चिलखताचा छातीचा भाग डमीवर चढवून ठेवलाय. सकाळी दुकान उघडलं की क्षणभर वाटतं, तूच पाठमोरी उभी हाईस. मग मी उगीच कायतरी बोलती. चहा घेतीस का, असलं.

वहीच्या अकराव्या पानावर पाठीचा आकार हाय आणि त्यावर रांगोळीगत ठिपके. छत्तीस मोजले. शेजारी बाण, आणि बारीक अक्षरात 'वारा'. हे ठिपके कसले ते मला कळत न्हाई. तेवढं कळव.

आई


रविवार, ३ ऑगस्ट

राजी,

तुझं पाकीट मिळालं. दोन कागद. वर 'आई' न्हाई, खाली तुझं नाव न्हाई. सेतूत अर्ज भरून घेतल्यागत सगळं रकान्यात लिहिलंस. तरी मी ते चारदा वाचलं, आणि पप्पांनी चष्मा लावून एकदा.

समजलं ते असं. छत्तीस भोकं, प्रत्येक बोटाच्या जाडीचं. काखेत सहा-सहा, पाठीच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा. खवल्याच्या सावलीत पाडायची म्हंजे समोरनं दिसत न्हाईत. आतनं जाळीचं कापड, म्हंजे फोम अंगाला चिकटायचा न्हाई आणि मधल्या फटीतनं वारा फिरंल. मानेखाली कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, हवा आत घेणारा न्हवं, बाहेर फेकणारा. गरम हवा वर चढती, तिला वरनंच काढायची. खालनं गार आपोआप येती. आत सुती ओलं बनियन. बर्फाच्या जेलच्या पिशव्या कापडात गुंडाळून काखेजवळ, नुसत्या कातडीला लावायच्या न्हाईत. बारा मिनिटांचा खेळ, मग शिरस्त्राण काढून वीस मिनिटं बसायचं.

एवढं वाचून पप्पा म्हणले, राजस्थानात बुलेटप्रूफ घालून पहाऱ्याला उभं करायचे, तवा हे कुणी सांगितलं असतं तर दोन पोरं चक्कर येऊन पडली नसती. त्यांनी त्यांच्याकडची एक गोष्ट घातली. मीठ-साखरेचं पाणी खेळाआधीच पाजायचं, तहान लागायची वाट बघायची न्हाई. आणि माणूस उगीच हसाय लागला की त्याला ऊन लागलंय, तिथल्या तिथं सगळं काढायचं.

पण तुझ्या कागदाच्या शेवटी जे लिहिलंस, ते वाचून मी हातातलं ब्लेड खाली ठेवलं. 'एवढं सगळं करूनही मी चौथ्या मिनिटाला पडले. म्हणजे माझं गणितच चुकलं होतं. हे क्रांतीला घालू नका. साटीनचं करा.'

त्याच्या खाली एक ओळ खोडलेली. उजेडात धरली. 'मी ते काम केव्हाच सोडलं' असं दिसलं.

मला हे म्हाईत नव्हतं. मी आपली समजून चालले हुते, की माझ्यावर रुसून गेलीस, पण पाटणच्या खोलीत दार लावून तू चटया भाजतच असशील. पप्पा शेंगदाण्याची चटणी घेऊन दोनदा तुझ्याकडं येऊन गेले, त्यांनी सांगितलं की खोली लय नीटनेटकी हाय. मला तवाच कळायला पायजे हुतं. तुझी खोली नीटनेटकी म्हंजे त्यात तू न्हाईस.

साटीनचं मी करणार न्हाई. धैर्यशीलला अजून काय सांगितलं न्हाई. मला तुला एक सांगायचंय, पण आधी हे पुरं होऊ दे. मोकळ्या हातानं सांगितलं तर तू विश्वास ठेवणार न्हाईस.

आई


गुरुवार, १४ ऑगस्ट

राजी,

काल दुपारी दीड वाजता मी ते चिलखत अंगात घातलं.

हसू नको. हसलीस तरी चालंल. एकावन्न वर्षांची बाई, खाली पप्पांचं ओलं बनियन, वर चारशे बारा खवलं. क्रांतीच्या मापाचं, त्यामुळं कमरेला वेल्क्रो पोचंना, पप्पांनी सुतळी बांधली. चार दिवस पावसानं उघडीप दिलीया, अंगणातला पत्रा तापला हुता. मी मुद्दाम त्याच्याखालीच उभी राहिले. पप्पा हातात घड्याळ आणि मिठाचं पाणी घेऊन खुर्चीवर. शिरस्त्राण चढवलं आणि बाहेरचं जग लांब गेलं. शेजारचा रेडिओ पाण्याखालनं वाजल्यागत. आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो, जणू शेजारी कुणीतरी झोपलंय.

पाचव्या मिनिटाला घाम फुटला. सातव्या मिनिटाला पंखा लावला. आणि राजी, वारा आला. आधी कमरेशी जरासा, मग बरगड्यांवरनं वर चढत, ओल्या बनियनमधनं, काखेतनं, पाठीच्या बारा-बारा भोकांतनं आत येणारा मला वेगवेगळा कळत हुता. मानेतनं गरम वाफ बाहेर जायची. मी तिथं उभी राहूनच कुठंतरी गेले. कोयनेच्या कडंला पहाटे धुकं सरकतं, तसं कायतरी माझ्या अंगावरनं सरकत हुतं आणि मी झाड हुते. पप्पांनी हाक मारली तवा एकोणीस मिनिटं झाली हुती. मी म्हणले, आणखी थोडं ऱ्हाऊ दे. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी जबरदस्तीनं काढलं.

तुझं गणित चुकलेलं न्हाई. कवाच चुकलेलं नव्हतं. भोकं मी बुजवली हुती.

आता सगळं लिहिती, मधी थांबले तर पुन्हा जमायचं न्हाई.

पुण्याला निघायच्या आदल्या दुपारी तू केस कापायला गेलीस आणि मला म्हणलीस, आई, तेवढ्या खांद्याच्या पट्ट्यांना टाके घाल. टाके घालताना खवला वर उचलला गेला आणि खाली भोक दिसलं. मग दुसरं. पाठ सगळी चाळणी. मला वाटलं, पोरीला येळ पुरला न्हाई, काम तसंच राहिलं. आपल्या धंद्यात आतली बाजू आधी बघत्यात. मी स्वतः शिकायला हुते तवा बाई आमचा कपडा उलटा करूनच बघायच्या, आणि आत शिवण उघडी दिसली की सगळं उसवायला लावायच्या. पुण्याची परीक्षक मंडळी खवला उचलून बघतील आणि म्हणतील, हिला फिनिशिंग येत न्हाई, हे मला सहन हुईना. आतल्या जाळीची शिवण उसवली, फोमचे तुकडे कापून छत्तीसच्या छत्तीस भोकं सोल्युशन लावून बुजवली, आणि जाळी पुन्हा तुझ्याच टाक्यावर टाका धरून शिवली. तुला कळलंबी न्हाई एवढं सुबक केलं. पंखा तेवढा राहिला, पण त्याला ओढायला हवाच न्हाई. तुला सांगायचं नव्हतं, कारण तू म्हणली असतीस, आई सगळ्यात हात घालती. आपलं काम गुपचूप चांगलं करून दिलं, ह्या आनंदात मी त्या रात्री पुरणपोळ्या केल्या.

इथपर्यंत चूक हाय. ह्याच्या पुढचं चूक न्हवं.

तू पडलीस. दवाखान्यात चिलखत कापून काढलं, आणि डॉक्टरीणबाईंनी ते हातात धरून इचारलं, 'ह्यात हवा जायला कुठं जागा ठेवली होती?' मी पलंगाच्या पायाशी उभी. त्याच घटकेला मला कळलं. ठिपके कसले हुते, वारा कसला हुता, सगळं. आणि तू डोळं उघडून माझ्याकडं बघितलंस, तवा मी काय म्हणले ते तुला पाठ असंल. 'तुझं माप चुकलं.' शिंपिणीनं आपल्या लेकीला म्हणायची ह्याच्याहून वाईट गोष्ट न्हाई, आणि मी ती तुझ्या भुवईला टाके घालायच्या आधी म्हणले. भ्याले हुते. आणि खरं सांगायचं तर जिंकल्यागत बी वाटलं. म्हणलं, आता ही दुकानात बसंल, माझ्याजवळ.

चिलखत रागानं टाकलं न्हाई. घरी आल्यावर तू ते उघडून बघितलं असतंस तर माझे छत्तीस तुकडे दिसले असते. म्हणून तू झोपल्यावर पोत्यात भरलं आणि सकाळी गाडी आली तवा स्वतःच्या हातानं दिलं. वही बी त्यासाठीच लपवली.

दोन वर्षं तू स्वतःला अडाणी समजत बसलीस आणि मी तुला समजू दिलं. माफी माग म्हणलीस तर मागीन, पण तिनं ते भरून येणार न्हाई हे मलाबी कळतं. क्रांतीला मी तुझंच चिलखत घालणार, छत्तीस भोकांसकट. काल मी मेले असते तर वेगळं, पण पंचवीस मिनिटं उभी राहून आले हाय.

आई


शनिवार, ३० ऑगस्ट

राजी,

ही चिठ्ठी धैर्यशीलकडं देती. तो चिलखताच्या पेटीत सगळ्यात वर ठेवील.

तुझा फोन आला त्या दिवशी मी मोदकाचं तांदूळ धूत हुते. हात ओलेच. तू एवढंच इचारलंस, 'तुला तेव्हाच माहीत होतं?' मी व्हय म्हणले. 'माझ्या भुवईला टाके घालताना पण?' व्हय म्हणले. तुझ्याकडचा पाऊस ऐकू येत हुता, आणि तू फोन ठेवलास. बरोबर केलंस. मी असते तर शिव्या घातल्या असत्या.

त्यानंतर मी गल्लीत सांगत सुटले. ज्यांना ज्यांना मी तवा सांगितलं हुतं, की पोरीचं माप चुकलं आणि पडली, त्या सगळ्यांना. बनुबाई मिसरी लावता लावता थांबली आणि म्हणली, लय वंगाळ केलंस मंगल. मी म्हणले, व्हय. तात्याबा वाणी म्हणला, आता दोन वर्षांनी उकरून काय मिळणार. धैर्यशीलनं देखाव्याच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, चिलखताची रचना राजेश्वरी नानासो मोहिते. माझं नाव त्यानं खाली घातलं हुतं, मी पुसाय लावलं.

क्रांती तीन दिवस उभी ऱ्हातीया. रोज संध्याकाळी सहा-सहा खेळ. मधल्या येळात शिरस्त्राण काढून बसती, पप्पा मिठाचं पाणी देत्यात आणि तिच्या तोंडाकडं टक लावून बघत्यात, हसती का म्हणून. पहिल्या दिवशी ती बाहेर आली आणि तिनं चहा मागितला. पप्पांनी देवाला हात जोडले. बारकी पोरं तिला खरंच रानातली समजत्यात. एक पोरगं रोज येऊन पायातल्या खवल्याला हात लावून जातं. कऱ्हाडच्या एका नाटकवाल्यानं तुझा नंबर मागितला, मी दिला. उचल किंवा उचलू नको.

काल धैर्यशील आला आणि बूट न काढता उंबऱ्यातच घुटमळला. मला वाटलं कायतरी मोडलं. मग त्यानं खाली बघत सांगितलं, राजेश्वरीचा फोन आलता. रविवारी ती येणार हाय, क्रांतीला ती स्वतः चढवणार, मानेचा भाग तिला बघायचाय. आणि ती म्हणली, 'फक्त आई तिथं नको.'

बिचाऱ्याला घाम फुटला हुता. मी त्याला लाडू दिला.

तर ऐक. जेलच्या पिशव्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हाईत, आठ, चार वापरायच्या आणि चार गोठायला ठेवायच्या. सुती बनियनं दोरीवर. पंख्याची बॅटरी रात्री चार्ज करून ठेवलीया. डाव्या खांद्याचा वेल्क्रो दमलाय, नवा मशीनच्या खणात हाय. तुझी निळी वही पेटीत खाली ठेवली, तुझी तुला. क्रांतीला मान डावीकडं वळवायला जड जातं, ते माझं चुकलंय, तू बघ.

उद्या गौरी यायच्या. घरात कुणीतरी पायजे म्हणून बनुबाईला सांगितलंय, ती गौरी आत घेईल, हळदी-कुंकवाची पावलं मी आजच काढून ठेवली. पप्पा असतील, त्यांच्याशी जेव. मी सकाळच्या गाडीनं कोयनानगरला शालूमावशीकडं चालले, दोन दिवस. तू पाटणनं येणार आणि मी पाटणवरनंच जाणार. तू हे वाचशील तवा मल्हारपेठेच्या आसपास आपल्या दोन एसट्या एकमेकींना ओलांडून गेल्या असतील. तू कुठल्या गाडीत हाईस ते मला कळायचं न्हाई, म्हणून मी समोरनं येणाऱ्या सगळ्याच गाड्यांकडं बघीन. तू बघितलं नसलंस तरी चालंल. झोपली असलीस तर बरंच.

लेक घरी यायची आणि आईनं घर सोडायचं, हे मला लय जड जातंय राजी. पण तू कामासाठी येतीस. पुन्हा हातात ब्लेड धरणार हाईस. त्यासाठी मी कोयनेच्या पलीकडं बी जाऊन बसीन.

आता पिशवी भरती. सहाची गाडी हाय.

आई